जुन्या नळ्या, नवा ऑर्गन: या चुका टाळा

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातली पायपेटी आठवते. चर्चचा ऑर्गन वेगळा: त्यात शिसं-कथलाच्या आणि लाकडाच्या हजारो नळ्या शिट्टीसारख्या वाजतात. नव्या ऑर्गनमध्ये जुन्या नळ्या बसवणं हा कंजूषपणा नव्हे. हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमध्ये जर्मन कारागीर आर्प श्निटगरने 1689 ते 1693 या काळात 60 स्टॉपचा (म्हणजे वेगवेगळ्या आवाजाच्या 60 नळी-संचांचा) ऑर्गन बांधला, तेव्हा आधीच्या ऑर्गनमधल्या कित्येक नळ्या त्याने ठेवून घेतल्या.

सगळ्यात महाग चूक पट्टीची. जुन्या नळ्या आजच्या 440च्या पट्टीशी (मधला ए म्हणजे सेकंदाला 440 कंपनं) क्वचितच जुळतात. उतरी नळी कापून चढवता येते, म्हणून लोक कापतात, आणि कापलेला तुकडा परत येत नाही. त्याऐवजी नळ्यांची अख्खी रांग एक घर, म्हणजे शेजारच्या स्वराच्या जागी, सरकवा. नळ्या अर्ध्या स्वराने चढ्या असतील तर खाली एकच नवी नळी लागते. आठ फुटी नळीपेक्षा ती साधारण 14 सेंटिमीटर लांब. याकोबीचा ऑर्गन तर आजही जवळपास एका पूर्ण स्वराने चढा आहे, 1993च्या जीर्णोद्धारातही तो तसाच राखला.

सरकवताना नळीवर कोरलेली अक्षरं नीट वाचा. जर्मन कारागिराचा ‘बी’ म्हणजे, सी हा षड्ज धरला तर, कोमल निषाद. शुद्धाला तो ‘एच’ लिहितो. इथे फसलात तर सुरेल नळीही चुकीच्या घरात जाते.

नळी उशिरा बोलते? ओठाला, म्हणजे नळीच्या तोंडाच्या वरच्या कडेला, हात लावू नका. आधी फटीतली धूळ काढा, मग वाऱ्याचा दाब मोजा. दाब जास्त असेल तर उघडी नळी वरच्या सप्तकात उडी मारते. ओठ कापून वर नेला की मूळ आवाज गेला, मग ‘जुन्या नळ्यांचा ऑर्गन’ ही फक्त पाटी उरते.

सूर लावायचे ते प्रार्थनेच्या वेळी असतं त्याच तापमानात. नळ्या दर अंश सेल्सिअसमागे सुमारे 3 सेंट चढतात (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग).

नळीच्या पायाशी पांढरी भुकटी दिसली तर नुसती पुसून मोकळे होऊ नका. ओकच्या लाकडातून निघणारी ॲसिटिक आम्लाची वाफ शिसं खाते. जर्मनीतल्याच ल्युबेक शहराच्या सेंट याकोबी चर्चमधल्या श्टेलवागेन ऑर्गनला हाच रोग जडला होता. अशा वेळी नळीआधी तिच्याखालची वाऱ्याची पेटी ओकची आहे का ते तपासा.