सॅक घ्यायला जाताना पाण्याच्या बाटल्या न्या

सातपुड्यात दिवाळीतल्या अस्तंबा डोंगराच्या यात्रेला किंवा तोरणमाळच्या पायवाटेने निघाल्यावर पहिल्या चढालाच खांदे भरून येतात. दोष बहुतेक वेळा ओझ्याचा नसतो, पाठीला न बसणाऱ्या सॅकचा असतो. दुकानात रिकामी सॅक कुणालाही छानच बसते!

१. घरी शिंप्याच्या टेपने पाठ मोजून घ्या. मान वाकवल्यावर वर येणाऱ्या हाडापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत. उंची सारखी असली तरी हे माप वेगळं निघतं, म्हणून मित्राची सॅक बघून घेऊ नका.

२. एक लिटरच्या सहा भरलेल्या बाटल्या दुकानात न्या. झालं सहा किलो वजन.

३. सॅक भरून आधी कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांवर आवळा, खांद्याचे पट्टे नंतर. मग खांद्याचे थोडे सैल करून बघा. वजन कमरेवरच राहिलं तर सॅक तुमची.

४. दहा मिनिटं जिना चढा-उतरा. दुकानदार बघेल, बघू द्या.

खान्देशातल्या घामाला पाठीशी जाळी असलेलीच बरी. दोन दिवसांना ४० लिटर मापाची सॅक पुरे. मोठी घेतली की उगाच भरली जाते.

एक जपा: पट्टा पोटावर आवळू नका, चढावर दम लागतो.