लवचिक म्हणालो आणि फसलो

न्यूरोसायन्सच्या (मेंदूविज्ञानाच्या) मुलाखतीत विचारलं, "न्यूरोप्लॅस्टिसिटी म्हणजे काय?" मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला, बीएस्सी फिजिक्स. पेपरात वाचलेलं ठोकून दिलं, "मेंदूची लवचिकता." समोरच्या मॅडम म्हणाल्या, "लवचिक वस्तू सोडली की पहिल्यासारखी होते. मग शिकलेलं राहतं कुठे?" ते वर्ष गेलं.

फिजिक्समधून न्यूरोसायन्सकडे वळणाऱ्यांनी आधी हा घोळ निस्तरावा. जोर काढल्यावर परत येते ती स्थितिस्थापकता. मागे उरतो तो बदल म्हणजे प्लॅस्टिसिटी, शुद्ध मराठीत आकार्यता. (हा शब्द कोणी बोलत नाही, पण निदान चुकीचा तरी नाही.)

मला ती कळली जळालेल्या मोटरपंपातल्या तांब्याच्या तारेवर. जाड तार घ्या. हलकेच दाबली तर उसळून सरळ होते, जरा जास्त दाबली की बाक राहतो. आत अणूंचे थर सरकलेले असतात, पण एकदम नाही. जड सतरंजी ओढण्याऐवजी तिला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत न्यावी, तसा स्फटिकातला दोष, म्हणजे अणूंच्या मांडणीतली खोट, सरकत जातो. 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तीन शास्त्रज्ञांनी हे स्वतंत्रपणे मांडलं. आता बाक उलटा करा. जोर जास्त लागतो, कारण दोष एकमेकांत गुंततात. करतच राहिलात तर तार तुटते, लाल तापवली तर पुन्हा मऊ होते. माझी तुटलेली तार बघून गावचे लोहारकाका म्हणाले, "थंडीच वाकवशील त तुटनच ना बे!"

मेंदूकडे या. ब्लिस आणि लोमो यांचा 1973 चा पेपर: बेशुद्ध सशाच्या हिप्पोकॅम्पसला (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) जाणाऱ्या तंतूंवर विजेच्या जलद ठोक्यांचा थोडा वेळ मारा केला. नंतर पूर्वीइतकाच एकेक ठोका दिला तरी प्रतिसाद मोठा, आणि तो तासन्‌तास टिकला. तारेसारखा उंबरठा इथेही आहे. एनएमडीए ग्राही म्हणजे चेतापेशीवरचं, निरोप टिपणारं एक दार. त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचं बूच असतं. शेजारच्या पेशीकडून ग्लुटामेट हे निरोप्या रसायन आलं आणि त्याच वेळी पेशी पुरेशी चेतलेली असली, तरच ते बूच निघतं. मग कॅल्शियम आत शिरतं आणि त्या दोन पेशींमधला जोड बळकट होतो. पण बराच वेळ संथ ठोके दिले तर तोच जोड दुबळाही होतो. इथे तारेची उपमा सोडून द्या.

जीवशास्त्र कच्चं असेल तर लाजू नका. मी पुतणीचं बारावीचं पुस्तक घेऊन बसलो होतो.

पुढच्या वर्षी व्याख्या कोणी विचारलीच नाही. मॅग्नेशियमवर मात्र वीस मिनिटं घेतली.