अंश-छेद न बघता रेशो बघताय? या चुका टाळा

दर आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी मला व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवतं. पीई (शेअरचा भाव भागिले दर शेअरमागचा नफा) 6, आरओई (मालकांच्या भांडवलावर किती टक्के नफा) 24, डेट-इक्विटी (कर्ज भागिले मालकांचं भांडवल) 0.3, आणि खाली एकच ओळ, "दादा, घेऊ का?" कंपनी नेमकं काय बनवते असं विचारलं की उत्तर यायला अर्धा तास लागतो, म्हणजे तोपर्यंत बघितलेलंच नसतं. फिल्टर लावला, यादी आली, यादीतलं वरचं नाव उचललं. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण ते पैसे पगारातून साठवलेले असतात, कधी कधी पीएफ काढून आणलेले असतात.

रेशो म्हणजे शाळेतला अपूर्णांक, वर अंश आणि खाली छेद. आकडा वाढला तर तो अंश वाढल्यामुळे की छेद आकसल्यामुळे, एवढं जरी बघितलं तरी निम्म्या चुका होत नाहीत. पण तेवढं बघायला अ‍ॅन्युअल रिपोर्ट उघडावा लागतो आणि तिथेच सगळ्यांचा धीर सुटतो.

पीई कमी म्हणजे शेअर स्वस्त

ही चूक मी इतक्या वेळा बघितली आहे की आता स्क्रीनशॉट उघडायच्या आधीच अंदाज येतो. टाटा स्टीलचं उदाहरण घ्या, कारण त्यात लपवाछपवी काही नाही, सगळे आकडे उघड आहेत. 2021-22 मध्ये कंपनीचा कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून) नफा 41,749 कोटी होता, आणि मार्च 2022 च्या भावाला पीई 4 च्या आसपास येत होता. चार! लोकांना वाटलं लॉटरी लागली. पुढच्या वर्षी नफा 8,075 कोटी, आणि 2023-24 मध्ये 4,900 कोटींच्या वर तोटा. त्या तोट्यात यूकेतल्या कारखान्याच्या फेररचनेचा मोठा एकवेळचा खर्च होता हे खरं, पण तो बाजूला ठेवला तरी 41 हजार कोटी कुठे आणि हे कुठे.

झालं काय, तर स्टीलचे भाव टोकाला होते त्या वर्षीचा नफा छेदात बसला, छेद फुगला आणि पीई छोटा दिसला. स्टील, साखर, सिमेंट, केमिकल असल्या भावाच्या लाटेवर चालणाऱ्या धंद्यात पीई सगळ्यात कमी दिसतो तो बऱ्याचदा तेजी संपत आलेली असते तेव्हा, आणि सगळं वाईट चाललेलं असतं तेव्हा पीई 40 नाहीतर मायनस. मी अशा कंपनीचा एका वर्षाचा नफा धरतच नाही, दर शेअरमागच्या सात-आठ वर्षांच्या नफ्याची सरासरी काढतो आणि भावाला त्यानं भागतो. वहीत, हातानं. त्याला दहा मिनिटं लागतात.

आणि "अदर इन्कम", म्हणजे मूळ धंद्याबाहेरची कमाई, बघा प्लीज. जमीन विकून आलेला नफा दरवर्षी येत नसतो.

नफा बघितला, पैसा बघितलाच नाही

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीचे शेअर घेतले. शेतीला लागणारा माल बनवायची, नाव घेत नाही. कागदावर सगळं झकास. तीन वर्षांत विक्री 180 कोटींवरून 260 कोटींवर, नफा 14 वरून 21 कोटींवर, आरओई 22 च्या वर, पीई 9. मी रेशो काढले होते बरं का, नुसतं ऐकून घेतलं नव्हतं. नेट मार्जिन (विक्रीतला किती टक्के नफा उरला), आरओई, डेट-इक्विटी सगळं वहीत लिहिलेलं होतं. कॅश फ्लोचं, म्हणजे प्रत्यक्ष पैसा किती आला-गेला त्याचं, पान तेवढं मी उलटून पुढे गेलो होतो, कारण ते मला किचकट वाटायचं.

मग सांगलीला एका लग्नात मामेभावाच्या मेहुण्यांची गाठ पडली, त्यांचं शेतीमालाच्या सामानाचं दुकान. बोलता बोलता कंपनीचं नाव निघालं. मी म्हटलं, "विक्री जोरात दिसतेय त्यांची." ते म्हणाले, "अहो, विक्री कसली? मार्च आला की गोडाऊन भरून देतात. म्हणतात, पैशाचं बघू नंतर, विकलं की द्या. माझ्याकडं मागच्या वर्षीचा माल पडलाय अजून."

घरी येऊन त्याच रात्री ते सोडलेलं पान उघडलं. तीन वर्षांचा मिळून नफा 52 कोटी, आणि धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड उणे 9 कोटी. म्हणजे 52 कोटी कमावले असं सांगत होते आणि हातात एक रुपया आला नव्हता, उलट गेले होते. मग उधारी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, बघितली. तीन वर्षांपूर्वी 180 कोटींच्या विक्रीवर उधारी 35 कोटी, म्हणजे साधारण 71 दिवसांच्या विक्रीचे पैसे अडकलेले. आता 260 कोटींवर 135 कोटी, म्हणजे जवळपास 190 दिवस! विक्री वाढली 80 कोटींनी आणि उधारी वाढली 100 कोटींनी. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले असते तर चौथीतल्या पोरानं पण सांगितलं असतं की काहीतरी गडबड आहे. ते मी लिहिले नव्हते.

आणि तरीही मी लगेच विकले नाहीत, मला वाटलं वसूल होईल. दीड वर्षानं कंपनीनं 60 कोटींची उधारी बुडीत धरली आणि 212 ला घेतलेला शेअर 41 ला विकून मी बाहेर पडलो.

तेव्हापासून माझी सवय अशी की रिपोर्ट हातात आला की नफा-तोट्याचं पान आधी उघडतच नाही. पहिलं कॅश फ्लो. पाच वर्षांचा नफा एका ओळीत, पाच वर्षांची ऑपरेटिंग रोकड खालच्या ओळीत, दोन्हींची बेरीज. खालची बेरीज वरच्या बेरजेच्या आसपास असेल तर पुढे वाचतो. निम्मीसुद्धा नसेल तर कारण शोधतो, आणि पटण्यासारखं कारण मिळालं नाही तर वही बंद. एका वर्षाचं मात्र धरू नका, एखाद्या वर्षी मोठी ऑर्डर मार्चमध्ये गेली तरी आकडा बिघडतो, त्यात कंपनीची चूक नसते.

आता तर काम सोपं झालंय. 2021-22 पासून उधारी किती जुनी आहे त्याचा तक्ता नोट्समध्ये (रिपोर्टमधल्या हिशेबाच्या टिपा) द्यावाच लागतो, सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्ष, एक ते दोन वर्षं, दोन ते तीन आणि तीन वर्षांच्या वरची. मला तेव्हा असा तक्ता मिळाला असता तर लग्नाला जायची वाट बघावी लागली नसती. आज तो फुकट मिळतो आणि कोणी उघडून बघत नाही.

आरओई मोठा म्हणजे धंदा भारी

दोन दुकानं घ्या. एकाचं स्वतःचं भांडवल 100, नफा 20, आरओई 20 टक्के. दुसऱ्याचं स्वतःचं 40, कर्ज 60, धंद्यात कमाई फक्त 14, त्यातून 10 टक्क्यांनी व्याज 6 गेलं, उरले 8. चाळीसवर आठ, आरओई परत 20 टक्केच. टॅक्स सोडून दिलाय, पण मुद्दा कळला असेल. आरओई एकटा बघायचाच नाही, शेजारी आरओसीई (स्वतःचं भांडवल आणि कर्ज मिळून त्यावर व्याजाआधीची कमाई किती टक्के) लागतो, तिथे पहिलं दुकान 20 वर आणि दुसरं 14 वर येतं.

उलटं पण होतं. हिंदुस्तान युनिलिव्हरचा आरओई 2019-20 मध्ये वर्षअखेरच्या नेटवर्थवर (मालकांचं एकूण भांडवल) 80 टक्क्यांच्या पुढे होता आणि पुढच्याच वर्षी 20 च्या खाली आला. धंदा बसला का? नफा तर वाढला होता. एप्रिल 2020 मध्ये हॉर्लिक्सवाली जीएसके कन्झ्युमर कंपनीत विलीन झाली, त्यासाठी नवे शेअर दिले, आणि नेटवर्थ 8 हजार कोटींच्या आसपास होतं ते 47 हजार कोटींच्या वर गेलं. छेद बदलला, बस्स. "एचयूएल संपली" म्हणून विकणारे मला तेव्हा भेटले आहेत.

31 मार्चचा फोटो म्हणजे वर्षभराची गोष्ट नव्हे

आपल्याकडे साखर कारखाने गावोगावी आहेत तरी लोक हे विसरतात. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं, म्हणजे 31 मार्चला गोडाऊन साखरेनं भरलेलं असतं आणि त्या साखरेवर बँकेचं कर्ज उचललेलं असतं. त्या दिवशीच्या ताळेबंदावरून इन्व्हेंटरीचे दिवस (किती दिवसांचा माल पडून आहे) आणि डेट-इक्विटी काढली तर कारखाना बुडायला आलाय असं वाटेल, आणि तोच सप्टेंबरचा ताळेबंद बघितला तर माल बराच विकून झालेला, कर्ज उतरलेलं. लिस्टेड कंपनी असेल तर सप्टेंबरचा ताळेबंद पण मिळतो, दोन्ही काढा. साखरेच्या कंपनीची तुलना साखरेच्याच कंपनीशी करा, बिस्किटवाल्याशी नको.

बाकीच्या चुका पटापट. एका कंपनीचे स्टँडअलोन (उपकंपन्या सोडून) आकडे आणि दुसरीचे कन्सॉलिडेटेड अशी तुलना करू नका. दोन साइटवर एकाच कंपनीचा आरओई वेगळा दिसतो कारण कोणी सरासरी नेटवर्थ धरतं, कोणी वर्षअखेरचं, म्हणून स्वतः काढा. एप्रिल 2019 पासून भाड्याच्या जागांचा हिशेब बदललाय, बरंचसं भाडं आता घसारा आणि व्याज म्हणून दिसतं, त्यामुळे मॉल-दुकानवाल्या कंपन्यांचं एबिटडा (व्याज, टॅक्स, घसारा वजा करण्याआधीचा नफा) मार्जिन एकदम वाढलेलं दिसलं तर टाळ्या वाजवायच्या आधी हे तपासा. बँकेचा करंट रेशो (वर्षभरात हातात येणारं भागिले वर्षभरात द्यायचं) काढणाऱ्याला मी हात जोडतो, तिथे एनपीए (थकलेली कर्जं), कासा (चालू आणि बचत खात्यांतल्या ठेवी), कॅपिटल अ‍ॅडिक्वसी (दिलेल्या कर्जांच्या जोखमीच्या मानानं बँकेचं भांडवल) बघतात.

आणि आकडेच खोटे असतील तर कुठलाच रेशो कामाचा नाही. सत्यम या आयटी कंपनीनं सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत ऑपरेटिंग मार्जिन (विक्रीतून धंद्याचा खर्च जाऊन उरलेलं) 24 टक्के दाखवलं होतं, तिच्या अध्यक्षांच्या 7 जानेवारी 2009 च्या कबुलीपत्रात ते 3 टक्के निघालं. म्हणून ऑडिटरचा रिपोर्ट मी वाचतो, विशेषतः ऑडिटर मुदतीच्या आधीच सोडून गेला असेल तर.

ज्यांना एवढं सगळं जमत नाही असं वाटतं त्यांनी निदान एक नोट उघडा. 2021-22 पासूनच कंपनीला स्वतःचे अकरा रेशो रिपोर्टमध्ये छापावे लागतात आणि एखादा 25 टक्क्यांपेक्षा जास्त बदलला असेल तर कारण लिहावं लागतं. ते कारण नीट वाचा. काही कंपन्या दोन-चार ओळींत स्वच्छ समजावून सांगतात. काही ठिकाणी उधारीच्या रेशोसमोर नुसतं "विक्री वाढल्यामुळे" एवढंच लिहिलेलं असतं, आणि असं दिसलं की मी सरळ उधारीचा तक्ता काढून वर्षाच्या वरचा कॉलम बघतो.