किचनला ट्रॉल्या आणि कॅबिनेट करताय? मग रंग सगळ्यात शेवटी निवडा

किचनचं काम काढलं की घरात पहिला वाद रंगावरून होतो, ग्लॉसी की मॅट, पांढरा की राखाडी, आणि ज्या बोर्डवर तो रंग चिकटणार त्याचं नाव कोणी विचारतच नाही. मुंबईत चार महिने पाऊस, एरवीही हवा दमटच, त्यामुळे इथे कॅबिनेट सडतं ते बहुतेक वेळा आतून, सिंकखालून नाहीतर ओल आलेल्या भिंतीकडून. तेव्हा कामाला आतून सुरुवात करा.

१. आधी भांडी मोजा

शोरूमला जायच्या आधी टेप घ्या आणि सगळ्यात उंच डबा, मोठा कुकर, परात, मिक्सर, तेलाचा कॅन यांची मापं लिहून काढा. ट्रॉलीच्या बास्केट ठरावीक मापातच मिळतात, थाळी, कप-बशी, कटलरी, प्लेन असे प्रकार, आणि दुकानदार सगळ्यांना जवळपास तोच सेट लावून देतो. घरात रोजची चार ताटं असतील तर भली मोठी थाळी बास्केट कशाला, त्यापेक्षा डब्यांसाठी खोल प्लेन बास्केट जास्त घ्या. सणावाराची मोठी पातेली सरळ लॉफ्टवर.

२. ओटा ठेवायचा की काढायचा

जुन्या बिल्डिंगमध्ये ओट्याखाली कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे असतात, ते चांगले असतील तर फोडू नका. कडप्पा पाण्याने फुगत नाही, वाळवी लागत नाही, त्याच्यातच चॅनेल, म्हणजे ट्रॉली सरकते त्या पट्ट्या, बसवून ट्रॉल्या लावता येतात आणि पुढे फक्त शटर करावं लागतं, खर्च पण बराच कमी. मॉड्युलरवाले याला नाकं मुरडतात, मुरडू देत. फक्त कप्प्यांची आतली रुंदी आणि खोली नीट मोजा, वर-खाली दोन्हीकडे, कारण गवंड्याचं काम क्वचितच सरळ असतं आणि अर्धा इंच कमी पडला तरी बास्केट अडकते.

३. बॉक्सचं मटेरियल, इथे वेळ घालवा

नवीन बॉक्स, म्हणजे कॅबिनेटचे सांगाडे, करायचे असतील तर प्लायवर काय छापलंय ते बघा. आयएस ३०३ या प्लायच्या भारतीय मानकात दोन ग्रेड येतात, एमआर आणि बीडब्ल्यूआर. एमआर म्हणजे फक्त दमटपणा सहन करणारा, तो कपाटाला ठीक, किचनच्या खालच्या भागाला नको. बीडब्ल्यूआर त्याच्या वरचा, उकळत्या पाण्याला तोंड देणारा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, त्याच्या टेस्टमध्ये तुकडा ७२ तास पाण्यात उकळतात. सगळं किचन मरीनमध्ये करायची गरज नाही हो, सिंकच्या आजूबाजूला आणि ओट्याखाली मरीन, वरच्या कॅबिनेटला बीडब्ल्यूआर चालतो. आयएसआय मार्कखाली सीएम/एल नंबर असतो तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा, शिक्का काय कोणीही मारतो. बॉक्सला साधारण १८ मिमी जाडी घ्या.

स्वस्तातल्या रेडिमेड कॅबिनेटमध्ये पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेला बोर्ड असतो, कडेने पाणी शिरलं की फुगतो आणि मग परत बसत नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, त्याचंही थोडंफार तसंच. सिंकखाली पीव्हीसी बोर्ड सुचवतात, पाण्याला चांगला आहे पण स्क्रू प्लायइतका घट्ट धरत नाही आणि जड वजनाला वाकतो, म्हणून तिथे ट्रॉली न लावता नुसतं शटर करा आणि आत कचऱ्याचा डबा ठेवा.

बाहेरच्या भिंतीला ओल असेल तर आधी ती दुरुस्त करा, सुकू द्या, मगच कॅबिनेट. पावसाळ्यात हे काम काढूच नका शक्यतो. आणि ८ बाय ४ फुटाचं प्लाय जुन्या लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याने चढवायची मजुरी कोण देणार ते आधीच ठरवा.

४. गॅस

पाइप गॅस असेल तर मीटर आणि कॉक कॅबिनेटमध्ये पॅक करू नका, हात लगेच पोचला पाहिजे. हा गॅस हवेपेक्षा हलका, लीक झाला तर वर जातो, म्हणून तिथल्या शटरला वरच्या बाजूला जाळी हवी. सिलेंडरचा एलपीजी उलट जड असतो, खाली साचतो, त्याच्या कप्प्याला तळाशी हवा खेळायला जागा हवी. हे बऱ्याच सुतारांना माहीत असतं पण शटर दिसायला वाईट दिसतं म्हणून कोणी बोलत नाही.

५. बिजागरी, चॅनेल, बास्केट

रोज हात लागतो तो इथे. सॉफ्ट क्लोज बिजागरी आणि चॅनेल चांगल्या ब्रँडचेच घ्या, एब्को, हेटिच, हाफेले कुठलेही. स्टीलची बास्केट ३०४ ग्रेडची मागा. दुकानदार लोहचुंबक लावून "बघा साहेब, चिकटत नाही" म्हणतो, पण स्वस्त २०२ स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे ग्रेड बिलावर लिहून घ्या. कोपऱ्यातल्या फिरत्या यंत्रणेवर एवढा पैसा घालायचा का ते मात्र विचार करा, साधा कप्पा ठेवला तरी काही अडत नाही.

६. आता रंग

फोडणी रोजची असेल तर १ मिमीचा सनमायका, हलक्या मॅट फिनिशचा, सगळ्यात कमी कटकटीचा. खोल टेक्स्चरमध्ये तेल-धूळ अडकते, अ‍ॅक्रेलिक दिसतं झकास पण ओरखडे आणि बोटांचे ठसे दिसतात, मेम्ब्रेनचं, म्हणजे वरून प्लॅस्टिकचा पातळ थर चिकटवलेलं शटर शेगडीजवळ उष्णतेने सुटतं. कडांना मशीनने एज बँडिंग, म्हणजे कड झाकणारी पट्टी, मारून घ्या, आतल्या बाजूच्या कडा पण.

७. कोटेशन आणि शेवटचे पैसे

रेट रनिंग फुटाचा की स्क्वेअर फुटाचा, बास्केट आणि जीएसटी धरून की वेगळे, प्लायचा ग्रेड आणि ब्रँड, सगळं कागदावर हवं. थोडी रक्कम हातात राखून ठेवा. काम झालं की ट्रॉल्यांमध्ये खरी भांडी भरून ओढून बघा, सिंकमध्ये पाणी भरून एकदम सोडा आणि खाली कागद ठेवून थेंब पडतो का बघा, गॅसचा कॉक एका हाताने बंद होतोय का तेही बघा, मग उरलेले पैसे द्या.