डोळ्यांची फाईल वेगळी ठेवू नका: मधुमेहींनी टाळायच्या चुका

परभणी-जालन्याकडच्या गावांतून तपासणीला येणाऱ्या मधुमेहींच्या पिशवीत बहुधा शुगरचीच फाईल असते. डोळ्यांची फाईल घरी चष्म्याच्या डबीशेजारी पडलेली असते. मूळ चूक हीच. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावरील केशवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांना बारीक फुगवटे येतात आणि त्यांतून रक्त व द्रव झिरपू लागतो. अशीच हानी मूत्रपिंडाच्या गाळणीत आणि पायाच्या नसांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांतही चाललेली असू शकते. म्हणून ‘पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत’ असा शेरा मिळाला, की तो कागद शुगरच्या डॉक्टरांपुढे ठेवावा आणि लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) व क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) यांचे गुणोत्तर, रक्तातील क्रिएटिनिन व हृदयाची तपासणी यांविषयी विचारावे. लघवीची नेहमीची तपासणी ‘नॉर्मल’ आली म्हणून निर्धास्त राहू नये, कारण सुरुवातीचे थोडे अल्ब्युमिन तिच्यात बहुधा सापडत नाही. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण अशा गोळ्या मूत्रपिंडाला आणखी इजा करू शकतात.

‘मला अजून सुई ओवता येते’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पडद्याचा मध्यभाग सुजेपर्यंत किंवा डोळ्यात रक्तस्राव होईपर्यंत नजर चांगली राहू शकते; त्यामुळे टाइप २ मधुमेहाचे निदान होताच आणि त्यानंतर साधारणपणे दरवर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडदा तपासून घ्यावा. थेंब टाकल्यावर काही तास एसटीची पाटीही वाचता येत नाही, हे खरे आहे. सोबत कोणाला तरी न्यावे.

धूसर दिसले की मोतीबिंदूच, असे गृहीत धरणेही महागात पडते. शस्त्रक्रियेनंतरही नजर सुधारली नाही तर दोष डॉक्टरांना दिला जातो, पण पडदा आधी कोणी पाहिलेलाच नसतो.

केवळ साखरेवर लक्ष ठेवून रक्तदाबाकडे काणाडोळा करू नये. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या टाइप २ मधुमेहींच्या मोठ्या अभ्यासाने १९९८ मध्ये दाखवले, की रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्या गटात सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती ३७ टक्क्यांनी कमी झाल्या.

पडद्यासाठी डोळ्यात लेझर किंवा इंजेक्शन घेतले की प्रश्न मिटला, असे समजणाऱ्यांचे पायांकडे दुर्लक्ष होते. शेतात अनवाणी फिरताना तुरीचे धसकट तळपायात घुसते; नसा बधिर असल्याने ते दुखत नाही आणि नजर मंद असल्याने जखम दिसतही नाही. अशा रुग्णाचे तळवे रोज रात्री घरातल्या दुसऱ्या कोणीतरी उजेडात पाहावेत.