दोन फ्लॅश, एक चेहरा

लग्नाच्या फोटोग्राफीत माझ्याकडे नवीन मुलं असिस्टंट म्हणून येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, ए किती, बी किती?" ए आणि बी म्हणजे फ्लॅशचे दोन ग्रुप, आणि ट्रिगर म्हणजे कॅमेऱ्यावरून ते पेटवणारं यंत्र. ट्रिगरवरचा आकडा पाठ केला की झालं, असं त्यांना वाटतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण रेशो, म्हणजे चेहऱ्याच्या उजळ आणि सावलीतल्या बाजूंमधलं उजेडाचं प्रमाण, ट्रिगरवर नसतो, तो चेहऱ्यावर पडतो.

नवरीच्या खोलीतली माझी नेहमीची मांडणी सांगतो. मुख्य लाइट, म्हणजे ग्रुप ए, छोट्या सॉफ्टबॉक्समध्ये तिच्या डाव्या बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर. नथ डाव्या नाकपुडीत असते, त्या बाजूने उजेड आला की मोती चमकतात. ग्रुप बी छत्रीत, कॅमेऱ्याच्या मागे. हा फिल, म्हणजे सावली भरून काढणारा उजेड, पूर्ण चेहऱ्यावर पडतो, आणि हिशोब इथेच चुकतो. चेहऱ्यावर दोन्ही सारखेच पोचत असतील तर उजळ बाजूला दोन भाग आणि सावलीत एक, म्हणजे २:१. ए एक स्टॉप वाढवला, म्हणजे त्याचा उजेड दुप्पट केला, की २:१ नाही, ३:१ होतो. दोन स्टॉप वाढवला तर थेट ५:१, आणि नथीची ओठावरची सावली डाग पडल्यासारखी दिसते. ३:१ ला तीच सावली नाजूक राहते, नाकाची धारही जात नाही. नवरीसाठी मी तिथेच थांबतो.

अंतराकडेही लक्ष ठेवा. फ्लॅश १ मीटरवरून १.४ मीटरवर गेला की साधारण एक स्टॉप उजेड कमी होतो. असिस्टंट दोन पावलं मागे सरकला तर ट्रिगरवर काहीच बदलत नाही, रेशो मात्र बदलतो. म्हणून स्टँड लावल्यावर मी जमिनीवर चिकटपट्टीची खूण करतो.

लावताना एकेक करून लावा. आधी सगळे ग्रुप बंद करून एक फ्रेम घ्या. त्यात खोलीची ट्यूबलाइट दिसत असेल तर तीही सावलीत भर घालणार. तिचा उजेड कमी करायला शटर १/२०० सेकंदापर्यंत न्या. मग फक्त ए, मग फक्त बी, शेवटी दोन्ही. माणसं एका जागी बसलेली असतील तर मॅन्युअलच ठेवा. टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः उजेड मोजून फ्लॅशची ताकद ठरवणं, शालूच्या जरीने किंवा नवरदेवाच्या पांढऱ्या शेरवानीने फसतं आणि दर फ्रेमला एक्स्पोजर हलतं. स्टेजवर पाहुण्यांची ये-जा सुरू झाली की मात्र टीटीएलच कामाला येतं.

एका लग्नात ए फुल पॉवरवर होता. मुंडावळ्या बांधतानाच्या सलग चार फ्रेम घेतल्या, त्यातल्या तीनमध्ये ए चार्जच झाला नव्हता. फक्त फिल पेटला, चेहरा सपाट. तो क्षण पुन्हा मिळाला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, २०० ऐवजी ४०० किंवा ८०० घेतो आणि दोन्ही ग्रुप तेवढेच स्टॉप खाली आणतो. ए १/४ आणि बी १/८ असेल तर १/८ आणि १/१६. रेशो तोच, फ्लॅश लवकर तयार, बॅटरीही टिकते.

मोठ्या कार्यालयात शेजारच्या हॉलमध्येही कुणीतरी शूट करत असतं. त्यांच्या ट्रिगरने आपले फ्लॅश पेटू नयेत म्हणून चॅनेल आधीच बदलून घ्या.

फॅमिली फोटोत आजी बसल्या की मी बी वाढवून २:१ वर येतो, सुरकुत्या मऊ दिसतात. फेटा बांधलेल्या आजोबांचा एकट्याचा फोटो काढायचा असेल तर बी दोन स्टॉप खाली. त्यांच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ मला हवी असते.