आईबाबा विसरायला लागले तर डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) कसा ओळखायचा

साठी बुद्धी नाठी म्हणून आपण सोडून देतो आणि त्यातच वेळ जातो, आमचा गेला. आई चाळीस वर्षं कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहायची, कधी चुकली नाही, आणि एका महिन्यात दूधवाल्याला दोनदा पैसे दिले तर मी म्हटलं, "होतं असं कधीतरी."

चष्मा सापडेना, एखाद्याचं नाव पटकन आठवेना आणि मग चहा पिताना आठवलं, हे वयाने होतं. पण जेवून अर्धा तास झाला नाही तोवर "मला कोणी वाढलंच नाही" म्हणणं, तोच प्रश्न परत परत, रोजच्या देवळातून घरी येताना रस्ता चुकणं, हातखंडा असलेल्या आमटीत पुढे काय घालायचं तेच न सुचणं, हे साधं नाही. वस्तू भलतीकडे जातात आणि आळ दुसऱ्यावर येतो. आमच्याकडे पाकीट तांदळाच्या डब्यात निघालं, तोवर कामवाल्या मावशी रडत घरी गेल्या होत्या, ते मला अजून लागतं. काहींची आठवण बरी असते पण स्वभावच बदलतो, शांत माणूस चिडका होतो, भजनाला जाणं बंद करतो, किंवा खोलीत नसलेली माणसं दिसायला लागतात.

एक नीट लक्षात ठेवा, डिमेन्शिया सहसा हळूहळू येतो. दोन दिवसांत अचानक बरळायला लागले तर लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, नवीन गोळी असं काही असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पडल्यावर काही आठवड्यांनी गोंधळ सुरू झाला तरी दाखवा, डोक्यात रक्त साचलेलं असू शकतं.

घरी काय करायचं तर वहीत तारीख घालून प्रसंग लिहा. डॉक्टरसमोर ही माणसं दहा मिनिटं अगदी व्यवस्थित बोलतात, म्हणून तो कागद आधीच आत द्या. बी ट्वेल्व्ह आणि थायरॉइड तपासून घ्या, कमी ऐकू येतंय का, मन उदास आहे का तेही बघा, त्यानेही असंच दिसतं आणि त्यावर उपचार आहेत. न्यूरोलॉजिस्ट (मेंदूचे डॉक्टर) किंवा मानसोपचारतज्ज्ञ दोघंही बघतात, कुठे जायचं कळत नसेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आहे.

आणि प्लीज चारचौघांत "सांग बरं हा कोण?" अशी परीक्षा घेऊ नका, त्यांना खूप लाज वाटते. दवाखान्यात न्यायचं तर "बीपी-शुगर करून येऊ, माझंही करायचंय" म्हणा, आमची आई तेवढ्यावर तयार झाली.